मोटारीचा क्लच आणि त्याची झीज

मोटार बाळगणाऱ्या घरांत टायर, ब्रेक आणि बॅटरी यांची विचारपूस वरचेवर होत असते. परंतु क्लच हा भाग सुरळीत चालत आहे तोंवर त्याची कोणाला आठवणही होत नाहीं. इंजिन आणि गिअरची पेटी यांच्या मध्यें, घंटेच्या आकाराच्या एका ओतीव कवचाआड तो झांकलेला असतो. त्याची खरी ओळख होते ती बहुधा एखाद्या चढावर. ॲक्सिलरेटर दाबावा तसा इंजिनाचा आवाज चढत जातो, पण गाडीचा वेग मात्र वाढत नाहीं, कांहीं तरी करपल्याचा उग्र वास येऊं लागतो, आणि घाट कसाबसा संपवून गाडी गॅरेजांत नेली म्हणजे मिस्त्री सांगतो, “क्लच गेला.” मालकाला या दोन शब्दांत खर्च तेवढा ऐकूं येतो. जो भाग झिजला तो हलक्या प्रतीचा असला पाहिजे, असा त्याचा स्वाभाविक समज होतो.

क्लचच्या बाबतींत हा समज अपुरा आहे. मोटारींतील बहुतेक भाग झिजूं नयेत म्हणून तेल, वंगण आणि कठीण पोलाद यांची योजना केलेली असते. क्लचची योजना याच्या उलट आहे. दुसऱ्या भागांना धक्का बसूं नये म्हणून त्यानें स्वतः थोडें थोडें झिजावें, अशीच त्याची रचना आहे. यंत्रांतील झीज अजिबात नाहींशी करतां येत नाहीं. ती कोठें व्हावी एवढें मात्र मनुष्याला ठरवितां येतें. याविषयीं गेल्या सुमारें एकशें चाळीस वर्षांत जे निर्णय घेतले गेले, त्यांचा इतिहास म्हणजेच क्लचचा इतिहास होय. त्यांपैकीं एका निर्णयाची किंमत यंत्राबाहेरच्या माणसांना द्यावी लागली; म्हणून हा इतिहास केवळ यंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहत नाहीं.

क्लचची गरजच कां पडावी, हें प्रथम पाहणें इष्ट आहे. वाफेच्या इंजिनाला ती नव्हती. आगगाडीचें इंजिन स्टेशनांत स्वस्थ उभें असलें तरी त्याच्या नळकांड्यांत वाफ सोडतांच दट्ट्या पुढें सरकतो आणि चाकें फिरूं लागतात. पेट्रोलच्या इंजिनाला अशी स्थिर अवस्थेपासून ओढ देतां येत नाहीं. तें आधींच फिरत असेल तरच त्याच्यांत शक्ति उत्पन्न होते. मिनिटाला कांहीं शें फेऱ्यांच्या खालीं त्याचा वेग गेला कीं तें बंद पडतें. म्हणजे एका बाजूला फिरतें इंजिन आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावर स्थिर उभी असलेली जड गाडी, अशी स्थिति असते. या दोहोंची गांठ एकदम बांधली तर इंजिन तरी बंद पडावें, नाहीं तर दांते आणि आंस यांपैकीं कांहीं तरी मोडावें. म्हणून मध्यें असा एक मध्यस्थ लागतो कीं जो प्रथम निसटेल, मग हळूहळू धरील आणि अखेर घट्ट पकडील.

निसटण्याच्या त्या दोन-तीन क्षणांचा हिशेब मोठा कठोर आहे. इंजिनाचा वेग कायम ठेवून सपाट रस्त्यावरील स्थिर गाडी त्या वेगाला आणून भिडविली, तर क्लचकडे आलेल्या शक्तीपैकीं निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी क्लचमध्येंच उष्णता होऊन जाते. कितीही हुशार चालकाला हा निम्मेपणा चुकवितां येत नाहीं. इंजिनाचा वेग कमी ठेवून एकूण खर्च कमी करणें एवढेंच त्याच्या हातीं असतें. ही उष्णता सोसून, झिजूनही पकड न सोडणारा पदार्थ कोणता, हा क्लचच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

कार्ल बेन्झ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तिच्यांत आजच्या अर्थानें क्लच नव्हता. त्यानें गिरण्यांतील एक जुनी युक्ति उचलली होती. त्या काळीं गिरणींत छताजवळ एक लांब दंड सारखा फिरत असे आणि त्यावरून कातड्याचा पट्टा खालीं प्रत्येक यंत्राकडे येई. यंत्र थांबवावयाचें असल्यास पट्टा शेजारच्या मोकळ्या कप्पीवर सरकवीत. चालू करावयाचें असल्यास पक्क्या कप्पीवर आणीत. मुंबईच्या कापड-गिरण्यांतील माग याच रीतीनें चालत असत. बेन्झनें हा पट्टा गाडींत आणला. पक्क्या कप्पीवर येतांना पट्टा क्षणभर घसरे आणि त्या घसरण्यामुळेंच गाडीची सुरुवात सौम्य होई. झीज होई ती पट्ट्याची. आणि पट्टा ताणून घेणें किंवा नवा चढविणें हें काम कोणाही कारागिराला येत होतें.

याच गाडीच्या बाबतींत एक प्रसिद्ध प्रसंग घडला. ऑगस्ट १८८८ मध्यें बेन्झची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइम येथें माहेरीं गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें होतें आणि इतका लांबचा प्रवास मोटारीनें तोंवर कोणीं केला नव्हता. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हां तिनें वाटेंतल्या एका चांभाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. झिजणाऱ्या भागावर सहज बदलतां येईल असें अस्तर चढवावें, ही कल्पना मोटारीच्या व्यवहारांत येथें स्पष्ट दिसते. तें अस्तर ब्रेकचें होतें हें खरें. परंतु ब्रेक आणि क्लच हीं एकाच तत्त्वाचीं दोन भावंडें आहेत. ब्रेक फिरत्या वस्तूला स्थिर वस्तूशीं भिडवून थांबवितो. क्लच स्थिर वस्तूला फिरत्या वस्तूशीं भिडवून फिरवितो. एकाला जें अस्तर मानवलें, तें बहुधा दुसऱ्यालाही मानवलें.

१८९१ च्या सुमारास पॅरिसमध्यें पानार आणि लेव्हासोर यांच्या कारखान्यानें मोटारीची जी मांडणी रूढ केली, तिनें क्लचला त्याची कायमची जागा दिली. पुढें इंजिन, त्यामागें क्लच, त्यामागें गिअरची पेटी आणि शेवटीं मागचीं चाकें, असा तो क्रम होता. पुढें अनेक दशकें जगांतील बहुसंख्य मोटारी याच क्रमानें बांधल्या गेल्या. एमिल लेव्हासोर यानें १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दो आणि परत ही सुमारें १,१७८ किलोमीटरांची शर्यत ४८ तास ४८ मिनिटांत पुरी करून या मांडणीची कसोटीही देऊन दाखविली.

त्या पिढींतील बहुतेक मोटारींचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. इंजिनाच्या दंडाच्या टोकाला जें जड चाक असतें, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, तें आंतून निमुळतें कोरलेलें असे. आणि त्यांत नेमका बसेल असा दुसरा शंकु स्प्रिंगच्या जोरानें आंत दाबला जाई. या दुसऱ्या शंकूवर कातड्याचें अस्तर तांब्याच्या रिव्हेटांनीं जडविलेलें असे. पेडल दाबलें कीं शंकु मागें सरे आणि इंजिन मोकळें होई. पेडल सोडलें कीं तो पुन्हा आंत रुतून बसे. पाचर बसावी तसा हा शंकु बसत असल्यामुळें थोड्या जोरांत मोठी पकड मिळे.

या कातड्याचे लाड पुष्कळ करावे लागत. तें सुकून कडक झालें कीं क्लच सौम्यपणें न धरतां एकदम झडप घाली आणि गाडी उडी मारून सुटे. मग चालक त्याला एरंडेल तेल किंवा गुरांच्या खुरांपासून काढलेलें तेल पाजून रात्रभर मुरत ठेवी. उलट इंजिनांतील वंगण गळून कातड्यावर आलें कीं तें बुळबुळीत होऊन निसटे. तेव्हां त्यावर मुलतानी मातीची पूड टाकून तेल शोषून घ्यावें लागे. कातडें झिजून पातळ झालें तर त्याच्या खालीं पातळ पट्ट्या सरकवून तें वर उचलून घेत आणि कशीबशी घरची वाट धरीत. अगदींच जळून गेलें म्हणजे नवें कातडें कापणें आलें. शंकूवर बसणारें कातडें सरळ पट्टी कापून बसत नाहीं. तें कमानीच्या आकारांत बेतावें लागतें, ओलें करून ताणावें लागतें आणि रिव्हेटांचीं डोकीं पृष्ठभागाच्या खालीं राहतील इतकीं खोल बसवावीं लागतात. डोकीं वर राहिलीं तर तीं फ्लायव्हीलवर चरे पाडतात. मोटार हांकणाऱ्याला त्या काळीं अर्धा चांभार व्हावें लागे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र या झिजेपासून कोणाला अपाय होत नव्हता. कातड्याचा चुरा रस्त्यावर पडे आणि मातींत मिसळून जाई.

परंतु इंजिनांची शक्ति वाढत गेली आणि कातडें अपुरें पडूं लागलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या अडचणींतून निघण्याचे निरनिराळे मार्ग शोधले गेले. इंग्लंडांत हेन्री सेल्बी हेल-शॉ या प्राध्यापकानें एका मोठ्या शंकूच्या ऐवजीं तेलांत बुडालेल्या अनेक पातळ तबकड्यांची चळत योजिली. त्या तबकड्यांवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खोबण असल्यामुळें त्या एकमेकींत रुतून बसत. भार अनेक पृष्ठभागांवर वांटला गेला आणि तेलामुळें झीज फारच कमी झाली. या पद्धतीची अडचण थंडीच्या दिवसांत दिसे. तेल घट्ट झालें कीं तबकड्या एकमेकींना चिकटत आणि क्लच सोडला तरी सुटत नसे.

१९०८ ते १९२७ या काळांत ज्या फोर्ड कंपनीच्या मॉडेल-टी मोटारी दीड कोटीहून अधिक तयार झाल्या, त्यांतही तेलांत बुडालेल्या पोलादी तबकड्या होत्या. तिचें डावें पेडल पूर्ण दाबलें कीं हळू चालीचा गिअर लागे, पूर्ण सोडलें कीं वेगाचा, आणि मध्यें धरलें कीं गाडी मोकळी राही. मधल्या पेडलानें गाडी मागें जाई आणि उजव्यानें थांबे. या तिन्ही कामांसाठीं सुती अस्तराचे पट्टे होते आणि ते झिजत. अनुभवी चालक उतारावर ब्रेकच्या पेडलाबरोबर मागें जाण्याचें पेडलही थोडें थोडें दाबून वेग आंवरीत असत, म्हणजे एकाच पट्ट्यावर सगळी झीज पडूं नये. कुटुंबांतील कामें सर्वांनीं वांटून घ्यावीं तसाच हा प्रकार होता. अमेरिकेंतील हडसन कंपनीनें तर तेलांत फिरणारा आणि बुचाच्या लाकडाचे तुकडे बसविलेला क्लच १९५४ पर्यंत चालविला. त्याच्या सौम्यतेची आणि टिकाऊपणाची ख्याति होती.

शेवटीं जय झाला तो एकाच कोरड्या तबकडीचा. फ्रान्सच्या द दियाँ-बूताँ कारखान्यानें एका तबकडीचा क्लच फार लवकर वापरला होता. अमेरिकेंत बोर्ग अँड बेक यांनीं तो सर्वत्र पसरविला. फ्लायव्हीलचा सपाट चेहरा एका बाजूस, स्प्रिंगांनीं दाबलेली लोखंडी चकती दुसऱ्या बाजूस आणि त्यांच्या मध्यें दोन्ही अंगांनीं अस्तर लावलेली पातळ तबकडी, इतकी त्याची रचना सोपी होती. ती स्वस्त होती, हलकी होती आणि झिजलेली तबकडी बदलणें सोपें होतें. पण एकाच तबकडीवर सगळी उष्णता पडावयाची, म्हणजे अस्तर तसेंच सहनशील हवें. कातडें येथें टिकलें नसतें. सूतही करपलें असतें.

तें अस्तर ब्रेकच्या बाजूनें आलें. इंग्लंडांतील डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ भागांत गाडीवान उताराला लागतांना ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने जोडे बांधीत. हर्बर्ट फ्रूड नांवाच्या कल्पक गृहस्थाच्या दृष्टीस ही रीत पडली आणि १८९७ सालीं त्यानें ब्रेकच्या ठोकळ्यांचा धंदा सुरू केला. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून आणि त्यांत पत्नीच्या नांवाचें आद्याक्षर घालून त्यानें मालाला ‘फेरोडो’ हें नांव दिलें. आरंभीं तो सुती वीण वापरीत असे. १९०८ च्या सुमारास त्यानें सुताच्या जागीं ॲस्बेस्टॉस घेतला.

ॲस्बेस्टॉस हा खाणींतून निघणारा तंतुमय खनिज पदार्थ आहे. तो लोकरीसारखा पिंजतां येतो, सुतासारखा कातून विणतां येतो, आणि असें असून तो जळत नाहीं. पितळेच्या तारेबरोबर विणून, राळेंत भिजवून, दाबाखालीं घट्ट केलेलें त्याचें अस्तर क्लचच्या सर्व अटी पुऱ्या करी. तें तापलें तरी करपत नसे, धरी सौम्यपणें, झिजे सावकाश आणि किंमतही फार नसे. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच कोरड्या तबकडीवर ॲस्बेस्टॉसचें अस्तर ही जोडी जगभर रूढ झाली. मुंबईंत शिवडी येथें १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. त्या सुमारापासून या नव्या बनावटीच्या मोटारी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर वाढत गेल्या आणि एरंडेल तेलाची बाटली टूलबॉक्समधून नाहींशी झाली.

या कोरड्या क्लचची झीज ओळखण्याची आणि सांभाळण्याची विद्याही निराळी होती. जुन्या बनावटींत अस्तरावर दाब देणाऱ्या स्प्रिंगा गुंडाळलेल्या तारेच्या असत. अस्तर पातळ झालें कीं लोखंडी चकती फ्लायव्हीलकडे सरके, तितक्या स्प्रिंगा लांबत आणि त्यांचा जोर कमी होई. जोर कमी झाला कीं अस्तर निसटे, निसटलें कीं तापे, आणि तापलें कीं आणखी झिजे. आरंभींची झीज वर्षें घेई. शेवटची एखाद्या घाटांत पुरी होई.

याच झिजेबरोबर पेडलाची मोकळी चालही कमी होत जाई. पेडल दाबण्यास आरंभ केल्यावर पहिला पाऊण-एक इंच तें हलकें गेलें पाहिजे, असा नियम असे. ती मोकळी चाल संपली कीं पाय वर नसतांनाही क्लच किंचित् दाबलेलाच राहतो आणि सारखा निसटतो. ज्या गाडीचा क्लच गेला असें वाटे, तिला पुष्कळदां एक नट फिरवून ही चाल परत देणें एवढाच उपाय पुरेसा होई. शंका फेडण्याची एक सोपी कसोटीही मिस्त्री लोक वापरीत आले आहेत. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक घट्ट ओढावा, वरचा गिअर घालावा आणि इंजिन चालू ठेवून क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडलें तर पकड शाबूत आहे. तें फिरतच राहिलें तर अस्तर निसटत आहे असें समजावें.

अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजूं दिलें तर तीं फ्लायव्हीलला चरे पाडतात आणि स्वस्त भाग वेळेवर न बदलल्याबद्दल महाग भाग गमवावा लागतो. गिअरची पेटी उतरविण्याची मजुरी मोठी असल्यामुळें तबकडी बदलतांना दाब देणारी चकती आणि पेडलाचें बेअरिंग हीं दोन्हीही त्याच वेळीं पाहून घेणें शहाणपणाचें ठरतें. भारतांत जुनी तबकडी टाकून न देतां तिचे रिव्हेट काढून नवें अस्तर चढवून देण्याचा धंदा अनेक दशकें चालत आला. जी वस्तु झिजण्यासाठींच केली आहे, तिचा झिजलेला अंश तेवढा बदलावा, हा त्यांतील विचार मूळच्या कल्पनेला धरूनच आहे. चालकाच्या संवयीचा भागही लहान नसतो. घाटांतील वाहनांच्या रांगेंत हातब्रेकचा उपयोग न करतां अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणें किंवा चालत्या गाडींत डावा पाय पेडलावर टेकवून ठेवणें, यांनीं महिन्यांची झीज तासांत होते.

स्प्रिंगांचा जोर कमी होण्याच्या दोषावर पुढें चांगला उपाय निघाला. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सनें अनेक स्प्रिंगांच्या ऐवजीं बशीसारखी एकच पोलादी स्प्रिंग वापरण्यास आरंभ केला. तिला मधल्या भोंवताली बोटांसारख्या चिरा असतात. अस्तर झिजत गेलें तरी तिचा दाब फारसा उतरत नाहीं. अधूनमधून तो किंचित् वाढतोही, आणि त्यामुळें पेडल जड लागूं लागणें हीच झिजेची सूचना ठरते. युरोपांत ही स्प्रिंग १९६० नंतर सर्वत्र पसरली.

येथवरचा इतिहास बुद्धीच्या एकेका विजयाचा आहे. परंतु एक प्रश्न मागें राहिला होता. चंदन झिजतें त्याचा परिमळ तरी मागें उरतो; क्लच झिजतो त्याची धूळ उरते. ती धूळ जाते कोठें?

या धुळीविषयींची पहिली सूचना मोटारीच्या क्लचमध्यें ॲस्बेस्टॉस येण्यापूर्वींच मिळाली होती. ब्रिटनच्या सरकारी कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनीं १८९८ च्या अहवालांत ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील धूळ आरोग्यास अपायकारक असल्याचें नमूद केलें. पुढच्याच वर्षीं लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयांत डॉक्टर मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे एक तेहेतीस वर्षांचा कामगार आला. पिंजण-खात्यांतल्या दहाजणांपैकीं आपण एकटेच उरलों आहों, असें त्यानें सांगितलें. तोही १९०० सालीं वारला. मरे यांनीं १९०६ सालीं सरकारी समितीपुढें ही हकीकत सांगितली. त्यानंतर दोन वर्षांनीं फ्रूडच्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉस आला.

१९२४ सालीं रॉचडेल येथील तेहेतीस वर्षांची एक कामगार स्त्री मरण पावली. डॉक्टर विल्यम कुक यांनीं तिच्या फुप्फुसांची तपासणी करून वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिला आणि या रोगाला पुढें ॲस्बेस्टोसिस हें नांव मिळालें. १९३० सालीं मेरेवेदर आणि प्राइस या सरकारी अधिकाऱ्यांनीं ३६३ कामगार तपासले. त्यांपैकीं ९५ जणांच्या फुप्फुसांत हा रोग आढळला. म्हणजे चारांत एकाहून अधिक! १९३१ सालीं ब्रिटननें धूळ आंवरण्याचे नियम केले. त्या नियमांचा रोख कारखान्यांवर होता. जगाच्या कोनाकोपऱ्यांतील गॅरेजांत मोटारीखालीं उताणा पडून क्लच उघडणारा मिस्त्री त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत नव्हता.

त्या मिस्त्र्याची रीत साधी होती. घंटेच्या कवचांत सांचलेली काळसर भुकटी तो तोंडानें फुंकून किंवा हवेच्या नळीनें उडवून देई. नवें अस्तर बसण्यासाठीं कानशीनें घासून घेई आणि तोच हात तोंडावरून फिरवी. घर्षणाच्या उष्णतेनें अस्तरांतील बहुतेक तंतूंचें स्वरूप बदलून जाई हें पुढें दिसून आलें. परंतु सर्व तंतूंचें नव्हे, आणि घासलेल्या नव्या अस्तराला तर ही उष्णता लागलेलीच नसे. या रोगाचा विशेष असा कीं तो लगेच दिसत नाहीं. धूळ श्वासांत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनीं तो डोकें वर काढतो. तोंवर ती गाडी भंगारांत गेलेली असते.

१९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वॅग्नर आणि त्यांचे सहकारी यांनीं खाणींच्या परिसरांत आढळलेल्या एका दुर्मिळ कर्करोगाचा संबंध ॲस्बेस्टॉसशीं जोडून दाखविला. पुढें अमेरिकेंत डॉक्टर आयर्विंग सेलिकॉफ यांच्या संशोधनानें हा प्रश्न सर्वतोमुखीं केला. भारतांत सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ रोजीं ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, कामगाराचें आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद निदान चाळीस वर्षें ठेवण्याची आज्ञा केली. ही मुदत या रोगाच्या मंद पावलांकडे पाहूनच समजते. ब्रिटननें १९९९ सालीं उरलेल्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली आणि युरोपीय संघाची बंदी १ जानेवारी २००५ पासून पुरी अमलांत आली.

यंत्रज्ञांना त्यामुळें पुन्हा अस्तराच्या शोधास लागावें लागलें. काचेचे तंतु, ॲरामिड नांवाचे कृत्रिम तंतु, तांब्या-पितळेची तार आणि राळ यांच्या मिश्रणानें ती जागा भरून काढली. ॲस्बेस्टॉसवांचून क्लच चालणार नाहीं हें पूर्वींचें म्हणणें टिकलें नाहीं.

अस्तरच नको असा मार्गही मध्यंतरीं निघाला होता. जर्मनींत हेरमान फ्योटिंगर यानें १९०५ सालीं जहाजांसाठीं द्रवाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. एक पंखा तेल फेंकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाच्या प्रवाहानें फिरतो. दोहोंचा स्पर्श होत नाहीं, म्हणून अस्तर झिजत नाहीं. इंग्लंडच्या डेमलर मोटारींत हें तत्त्व १९३० सालीं आलें, आणि अमेरिकेंत १९३९ सालीं जाहीर झालेल्या हायड्रामॅटिक गिअरनें तर डाव्या पायाचें पेडलच काढून टाकलें. परंतु तेलही थोडें घसरतच राहतें आणि त्या घसरण्यांत पेट्रोल खर्ची पडतें. तें वांचविण्यासाठीं पुढें या द्रवयंत्राच्या पोटांत एक लहान क्लच बसविण्यांत आला, आणि त्याला पुन्हा अस्तर लावावें लागलें! विजेवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी आहे. विजेची मोटर वाफेच्या इंजिनाप्रमाणें स्थिर अवस्थेपासूनच ओढ देते, म्हणून अशा बहुतेक गाड्यांना या क्लचची गरज राहत नाहीं.

तोंवर रस्त्यांवरील असंख्य गाड्यांत ही तबकडी झिजतच राहणार, आणि तिनें झिजावें हेंच योग्य आहे. मालकानें तिच्या झिजेबद्दल कुरकुर करण्याचें कारण नाहीं. तिनें इंजिनाचे आणि दांत्यांचे धक्के आपल्या अंगावर घेतलेले असतात. मात्र यंत्राची झीज एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवितांना ती अखेर कोणाच्या वाट्याला जाते, हें पाहणें यंत्रज्ञाच्या कामाचाच भाग आहे. हा प्रश्न ल्यूसी डीन यांनीं १८९८ सालीं विचारला होता. त्यांच्या देशाला त्याचें पुरें उत्तर देण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. ज्या गॅरेजांत क्लचचें कवच उघडल्यावर मिस्त्री हवेची नळी बाजूला ठेवून ओल्या फडक्यानें धूळ टिपून घेतो, तेथें हा शंभर वर्षांचा धडा कांहीं अंशीं तरी पोंचला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.